सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅम नेटवर्कवरून पाठवणे आणि त्यांचा बॅकअप

प्रश्न: आमच्या नव्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांना इथरनेट पोर्ट आहे, जुन्यांना केवळ आरएस-२३२ हा जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट. सर्व प्रोग्रॅम एकाच सर्व्हरवरून पाठवायचे आणि परत घ्यायचे असल्यास कोणती व्यवस्था करावी?

उत्तर १: जुन्या यंत्राशेजारी सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर बसवावा, म्हणजे लांब सिरियल केबल टळते आणि डीएनसी सॉफ्टवेअरला (सर्व्हर आणि यंत्रांमध्ये प्रोग्रॅमची ने-आण करणाऱ्या) सर्व यंत्रे एकाच नेटवर्कवर दिसतात. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासणारा बिट) आणि फ्लो कंट्रोल (घेणारी बाजू भरली की पाठवणे थांबवण्याची पद्धत) ही सेटिंग्ज दोन्ही बाजूंना जुळले पाहिजेत. फ्लो कंट्रोल चुकल्यास लहान प्रोग्रॅम बिनतक्रार जातो आणि मोठा मध्येच तुटतो, म्हणून चाचणी मोठ्या फाइलनेच करावी. यंत्राकडून परत येणाऱ्या फाइलींसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवावे, कारण ओ०००१ सारखा प्रोग्रॅम क्रमांक प्रत्येक यंत्रावर असू शकतो आणि ऑपरेटरने बदललेली फाइल मंजूर फाइलवर सहज चढते.

उत्तर २: माझ्या मते बॅकअपचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पॅरामीटर (यंत्राची सेटिंग्ज) आणि टूल ऑफसेट (हत्यारांच्या मापांच्या नोंदी) अनेक कंट्रोलमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या संगणकांमध्ये, बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी संपली की प्रोग्रॅम हाती असूनही यंत्र उभेच राहते. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलमध्ये ९००० मालिकेतील मॅक्रो (खास कामांसाठीचे उपप्रोग्रॅम) संरक्षित केलेले असतील, तर ते सर्व प्रोग्रॅम बाहेर काढतानाही वगळले जातात. त्यामुळे बूट स्क्रीनवरून एसरॅमची (त्या बॅटरीवरच्या मेमरीची) संपूर्ण प्रत मेमरी कार्डवर घ्यावी आणि ती सर्व्हरवरही ठेवावी.

प्रश्नकर्ता: यंत्रे कार्यालयाच्याच नेटवर्कला जोडावीत का?

उत्तर १: शक्यतो नाही. जुन्या विंडोजवर चालणाऱ्या कंट्रोलला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. वेगळे व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र विभाग) करून केवळ डीएनसी सर्व्हरलाच प्रवेश द्यावा.