अनुभव धागा : लिक्विड फाउंडेशनसाठी ब्रश कोणता?

रंगपेटी
पाकिटावर नुसतं 'फाउंडेशन ब्रश' लिहिलेलं असतं. आत चपटा निघेल, वरून सपाट कापलेला निघेल, घुमटासारखा निघेल, नाहीतर दोन रंगांच्या केसांचा. काम प्रत्येकाचं वेगळं. ज्यांचा यात रोज हात चालतो त्यांनी इथे लिहावं: कुठल्या फाउंडेशनला कुठला ब्रश, माल (म्हणजे फाउंडेशन) किती, हात कसा फिरवायचा, काय बिघडतं आणि का. 'मला अमुक कंपनी आवडते' एवढंच लिहायचं असेल तर दुसरा धागा काढा, ही विनंती.

सुरुवात केसांपासून करते. बकरीचे किंवा खारीचे केस पावडरसाठी उत्तम, कारण आपल्या केसांसारखेच त्यांच्यावर बारीक खवले असतात आणि पावडर त्यांत अडकून राहते. पातळ फाउंडेशनला हाच गुण नडतो. माल खवल्यांत शिरतो, निम्मा ब्रशच पितो, केस एकमेकांना चिकटून झुबके होतात आणि गालावर रेघोट्या उमटतात. नायलॉन किंवा पीबीटीचा (एक प्रकारचं प्लास्टिक) केस गुळगुळीत असतो. घेतलेलं फाउंडेशन तो चेहऱ्यावर सोडतो आणि धुतला की लवकर वाळतो. म्हणून लिक्विडला सिंथेटिकच. दोन रंगांचे केस असलेला ब्रश घेताना मात्र तपासून घ्या. मॅक या मेकअप कंपनीचा 187 नंबरचा प्रसिद्ध ब्रश मुळात बकरीचे आणि सिंथेटिक केस मिसळून केलेला होता. त्या धर्तीवरचे ब्रश आता पूर्ण सिंथेटिकही मिळतात, लिक्विडला तेच घ्यावेत.

आरसेमहाल
नवरीच्या मेकअपच्या हिशेबाने आकारांबद्दल लिहिते.

सपाट डोक्याचा दाट ब्रश (फ्लॅट टॉप काबुकी) मध्यम ते पूर्ण कव्हरेजसाठी (म्हणजे त्वचा जास्त झाकायची असेल तर). डोकं साधारण तीन सेंटिमीटर रुंद, केस आखूड आणि गच्च. एक पंप फाउंडेशन मनगटाच्या मागच्या बाजूला किंवा स्टीलच्या पॅलेटवर घ्यायचं. ब्रश त्यात बुडवायचा नाही, फक्त टोकाचे दोन-तीन मिलिमीटर टेकवायचे. मग एक गाल, अर्धं कपाळ, हनुवटीची एक बाजू असं आधी नुसतं दाबत जायचं, आणि त्यानंतर रुपयाच्या नाण्याएवढी छोटी वर्तुळं. अर्धा चेहरा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. मे महिन्यात, पंखा चालू असलेल्या खोलीत, पूर्ण चेहऱ्यावर ठिपके देऊन ठेवले की पहिला गाल होईपर्यंत दुसऱ्यावरचे ठिपके वाळतात. मग कितीही घासा, कडा जात नाहीत.

यात नेहमी होणारी चूक म्हणजे जोर. ब्रश इतका दाबायचा की केस फुलासारखे फाकतात. माल मुळाशी जातो, तिथे साठतो, आणि दहा मिनिटांनी तोच ब्रश नाकाजवळ फिरवला की अचानक जास्तीचं फाउंडेशन बाहेर येतं. 'आत्ता तर नीट होतं, आता थापल्यासारखं का दिसतंय?' याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दांडी पेनासारखी धातूच्या पट्टीजवळ न धरता मागच्या टोकाकडे धरा, जोर आपोआप कमी होतो.

घुमटासारखा (बफिंग) ब्रश थोडा सैल असतो, डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडेला चांगला वळतो. नवीन शिकणाऱ्यांना मी हाच सुचवते. एकच घ्यायचा असेल तर हाच घ्या.

दोन रंगांच्या केसांच्या ब्रशात (स्टिपलिंग) वरचे पांढरे केस लांब आणि विरळ असतात. फक्त तेच टेकवत टेकवत जायचं, घासायचं नाही. कव्हरेज हलकं येतं. जाड, मॅट फाउंडेशन याने लावू नका, ठिपके ठिपकेच दिसतात.

चपटा, जिभेसारखा ब्रश म्हणजे अगदी जुना 'फाउंडेशन ब्रश'. रंगाच्या कुंचल्यासारखा तो पट्टे ओढतो, कारण एका वेळी केसांची एकच ओळ त्वचेला लागते. तो माल पसरवायला ठीक, शेवट करायला नाही. त्याच्यावरून ओला स्पंज फिरवावाच लागतो. मग दोन हत्यारं कशाला, असं माझं मत. डाग झाकायच्या क्रीम कन्सीलरला मात्र छान चालतो.

शेवंती
आरसेमहाल, वर्तुळं सगळ्यांना नाही चालत. गालावर आणि कानाजवळ लव जास्त असेल तर वर्तुळाकार घासल्याने ती उभी राहते आणि प्रत्येक केसाला फाउंडेशन लागतं. बाजूने प्रकाश पडला की चेहरा पीचच्या सालीसारखा दिसतो. तिथे शेवटचे चार-पाच हलके हात वरून खाली, लवेच्या दिशेने मारायचे. 'नेहमी वरच्या दिशेने, त्वचा ओघळत नाही' हे मालिशचं तत्त्व आहे, फाउंडेशनचं नव्हे.

आरसेमहाल
@शेवंती, मान्य. लव असेल तर आधी दाबणं, मग थोडी वर्तुळं आणि शेवटी खाली. थ्रेडिंग केलेल्या भागावर मात्र त्याच दिवशी घासूच नका, लाल होतं.

रंगपट
नाटकाच्या रंगभूषेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. पॅनकेकला (वडीच्या रूपातला रंग) ओला स्पंज लागतो, पेंटस्टिकला (कांडीच्या रूपातला रंग) बोटं आणि स्पंज. तिथे लांबून दिसायला हवं म्हणून जाडी चालते. हल्ली तोच हात कॅमेऱ्यासमोर चालवला जातो आणि फसतो. जवळच्या शॉटमध्ये दोन जागा पकडल्या जातात: जबड्याची कड आणि कानाची पाळी. दाट ब्रशने चेहरा झाला की नवीन माल न घेता ब्रशमध्ये जे उरलंय तेवढंच जबड्याखाली, मानेवर आणि कानावर न्यायचं. हे काम ब्रश स्पंजपेक्षा चांगलं करतो, कारण स्पंज उरलेला माल आत शोषून घेतो.

केसांच्या रेषेजवळ उभा हात नको, ब्रश आडवा करून बाहेर ओढा. नाहीतर कपाळावर टोपी घातल्यासारखी रेघ येते आणि भांगाच्या मुळांत फाउंडेशन बसतं.

आम्लपित्त
सगळे ब्रशला दोष देतात, पण निम्म्या तक्रारींचं मूळ बाटल्यांत असतं. फाउंडेशन ब्रशने फिरवताना मळ निघाल्यासारख्या वळ्या येतात ना, त्या ब्रशने होत नाहीत, ब्रशमुळे उघड्या पडतात.

बाटलीच्या मागे घटक वाचा. पहिलं पाणी आणि त्यानंतर 'कोन' किंवा 'सिलोक्सेन'ने संपणारी नावं (डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन) वरच असतील तर ते फाउंडेशन सिलिकॉनच्या अंगाचं समजा. तशी नावं यादीत नसतील किंवा अगदी तळाशी असतील तर पाण्याच्या अंगाचं. सिलिकॉनच्या जाड प्रायमरवर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) किंवा सनस्क्रीनवर पाण्याच्या अंगाचं फाउंडेशन घासलं की खालचा थर सुटून गोळा होतो. खात्री करायची सोपी रीत: हाताच्या मागे प्रायमरचा आणि फाउंडेशनचा एकेक थेंब घेऊन बोटाने मिसळा. एकजीव झाले तर ठीक. दही फुटल्यासारखे वेगळे झाले तर चेहऱ्यावरही तेच होणार.

सनस्क्रीन नीट, म्हणजे दोन बोटांवर दोन रेघा भरून लावत असाल, तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आणि त्यावर ब्रश दाबत न्या, घासू नका. घाईच्या दिवशी तर ओला स्पंजच वापरा.

रंगपेटी
स्पंजचा विषय निघालाच आहे तर एक भर घालते. स्पंज आधी पाण्यात फुगवून, टॉवेलमध्ये घट्ट पिळून मगच वापरायचा. ओला असल्यामुळे तो फाउंडेशन कमी पितो. तरी ब्रशपेक्षा माल जास्त लागतोच, महागडी बाटली असेल तर हिशेब करा. ब्रशने लावून शेवटी फक्त नाक आणि डोळ्यांखाली स्पंज टेकवणं हा मधला मार्ग.

मापटं
दुकानात ब्रश कसा तपासायचा, माझी पद्धत:

तळहातावर दाबून गोल फिरवा. टोचला तर चेहऱ्यावर नक्की टोचणार. सोडल्यावर केस लगेच उभे राहायला हवेत. बोटांनी केस बाजूला करून तळ बघा. डिंकाचा तळ सहज दिसला तर ब्रश विरळ आहे, लिक्विडला उपयोगाचा नाही. केस हलकेच ओढा. नवीन ब्रशमधून एखाद-दुसरा सुटला तर चालेल, झुपका हातात आला तर परत ठेवा. मग धातूची पट्टी एका हातात आणि दांडी दुसऱ्या हातात धरून पिळा. खुळखुळली तर दोन-चार धुण्यांत डोकं वेगळं होतं.

बारा ब्रशांचा सेट स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. त्यातले फाउंडेशनचे दोन सोडले तर बाकीचे डब्यातच राहतात.

कोकणपाऊस
धुण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

सिलिकॉनचं, न निघणारं फाउंडेशन नुसत्या शाम्पूने जात नाही. आधी कोरड्या ब्रशवर क्लिन्झिंग ऑइलचे तीन-चार थेंब, तळहातावर मिनिटभर फिरवायचं. मग कोमट पाणी आणि बेबी शाम्पू किंवा साधा हँडवॉश, फेस पांढरा येईपर्यंत. दाट काबुकीला दोन-तीन वेळा करावं लागतं. बाहेरून स्वच्छ दिसतो, पण मधे बोटाने दाबलं की तांबूस पाणी येतं. ते येणं थांबलं की धुऊन झालं. खोबरेल तेल चालतं, पण थंडीत थिजून मुळाशी बसतं आणि पुढच्या वेळी फाउंडेशन सरकतं.

धुताना केसांचं टोक कायम खाली. पाणी धातूच्या पट्टीत शिरलं की आतला डिंक सुटतो आणि लाकडी दांडी फुगते. केस गळायला लागण्याचं खरं कारण हेच, 'ब्रश हलका निघाला' हे नेहमी नसतं. उकळतं पाणी नको, हेअर ड्रायर नको.

वाळवताना ब्रश कपात उभा ठेवू नका. टेबलाच्या काठावर आडवा, डोकं बाहेर काढून ठेवा, म्हणजे हवा चहूकडून लागते. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दाट ब्रश दोन-दोन दिवस आतून ओला राहतो आणि कुबट वास धरतो. त्यावर उपाय: आधी सुती कापडात गुंडाळून चांगला दाबून पाणी काढा, मग पंख्याखाली रात्रभर. पावसाळ्यात दोन ब्रश पाळीपाळीने वापरा. अर्धवट ओला ब्रश बंद पाऊचमध्ये कधीही नको.

शेवंती
किती दिवसांनी धुवायचा?

कोकणपाऊस
स्वतःचा एकटीचा असेल तर आठवड्यातून एकदा. मुरुमं असतील तर दर दोन-तीन दिवसांनी. दुसऱ्यांना लावत असाल तर प्रत्येक चेहऱ्यानंतर.

आरसेमहाल
त्यात एक जोडते. दोन नवरींच्या मेकअपच्या मधे धुवायला वेळ नसतो, तेव्हा 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून टिश्यूवर पुसतात. त्याने जंतू मरतात, पण साचलेलं फाउंडेशन निघत नाही, आणि साचलेल्या थराखाली अल्कोहोल पोचतही नाही. म्हणून फाउंडेशनचे ब्रश मोजून जास्त ठेवा. दिवसाला चार चेहरे असतील तर चार दाट ब्रश. पिकलेली मुरुमं असतील तिथे ब्रशच नको, एकदाच वापरून टाकायचा स्पंज घ्या आणि नुसतं टेकवा.

हिमगौरी
थंड देशातल्यांसाठी. घरात हीटर चालू, त्वचा कोरडी, नाकाशेजारी पापुद्रे. तिथे दाट काबुकी घासला की पापुद्रे उचलले जातात आणि त्यांच्यावर फाउंडेशन चिकटतं. मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं थांबा, घुमटाच्या ब्रशवर पाण्याचा एकच फवारा मारा, आणि फाउंडेशन नेहमीच्या निम्मं. पापुद्र्यांच्या जागी सगळ्यात शेवटी जा, ब्रशमध्ये जवळजवळ काही उरलेलं नसताना.

मापटं
@हिमगौरी, फवारा दांडीकडे जाऊ देऊ नका. कोकणपाऊस यांनी सांगितलेला डिंक तिथेच असतो.