घारीच्या पंखात मांजा रुतलाय, सकाळपर्यंत काय करू?

पैठणीवाली, येवला
आज करीचा दिवस. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे घार पडलेली दिसली. डाव्या पंखात नायलॉन मांजा रुतलाय, रक्त वाळलंय. जवळ गेलं की उताणी होऊन नख्या उगारते. सध्या टोपलीखाली झाकलीय. भाऊ म्हणतो मांजा ओढून काढू. सासूबाई हळद काढून बसल्यात, पोरं दूध घेऊन उभी. जनावरांचा दवाखाना बंद आहे. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

आसारीबहाद्दर
ताई, पाणी तरी पाजा चमच्याने, तहानेनं जाईल बिचारी. आणि हळद-तेल लावा, आम्ही कबुतराला लावलं होतं.

निवृत्त वनपाल
चमचा आधी खाली ठेवा. घारीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. जबरदस्तीनं ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं आणि घार जखमेनं नाही, आपल्या मायेनं मरते. दूध तर नकोच, शिकारी पक्ष्याला ते पचत नाही. तेलानं पिसं चिकटतात, मग जखम भरूनही उडता येत नाही. सासूबाईंना सांगा, हळद स्वयंपाकघरातच बरी.

मांजा ओढू नका. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पातळ पडदा असतो, उडण्याचा सगळा ताण त्याच्यावर. मांजा बहुतेक वेळा तिथेच रुततो आणि ओढला की पडदा फाटतो. दोन्ही बाजूंनी लोंबणारा दोरा कात्रीनं कापा, आत रुतलेला तसाच राहू द्या. तो डॉक्टर काढतील.

धरताना जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की ती पुष्कळ शांत होते. पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचला. चोचीला लोक उगाच भितात, भ्यायचं ते नख्यांना. बोट पकडलंच तर तिची बोटं उलगडत बसू नका, जितकं झटाल तितकी आवळेल. तिचा पाय हळूच सरळ ताणा. पाय दुमडला की बोटांच्या शिरा आपोआप ओढल्या जातात, सरळ केला की सैल पडतात. झाडावर झोपलेली घार खाली पडत नाही ती याच शिरांमुळे.

टोपली काढा, फटीतून पिसं मोडतात. जाळीचा पिंजराही नको. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाला जुना टॉवेल अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाही. घरात, आवाज नसेल तिथे ठेवा. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून फोटो काढायचे नाहीत. रात्रभर उपाशी राहिली तरी काही बिघडत नाही. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर आत्ताच फोन करा.

राहवत नाही म्हणून लिहितो. नायलॉन मांजावर हरित लवादानं 2017 सालीच देशभर बंदी घातली. तरी भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस आपल्या गावात तोच उडतो. हलकडी वाजवा, खुशाल पेच लढवा, पण सुती दोऱ्यावर लढवा की. हा दोरा कुजत नाही. झाडावर राहिला तर पावसाळ्यातही पाखरं अडकतात त्यात.

कोटमगावकर
काका, घरीच बरी करून सोडली तर? वनखात्यात दिली की पुढे काय झालं ते कळतच नाही.

निवृत्त वनपाल
नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्य प्राणी-पक्षी घरात ठेवता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पक्ष्याचं हाड फार लवकर जुळतं. मोडलं असेल आणि वाकडं जुळलं तर ती घार आयुष्यभर जमिनीवरच. तुमच्या गच्चीत हाड बसवणार कोण? पुढचं कळत नाही म्हणता, तर वनरक्षकाला आठवड्यानं फोन करून विचारा. आमच्या वेळी तरी कुणी विचारलं की बरंच वाटायचं.

पैठणीवाली, येवला
दोरा कापला, मिक्सरच्या खोक्यात ठेवलीय. भावाचा अंगठा धरलाच तिनं, पाय ताणल्यावर खरंच सुटला. 1926 वर बोलणं झालं, सकाळी माणूस येतोय. अंगठ्याला काय करू?

निवृत्त वनपाल
साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. नख्या कुजक्या मांसात जातात, तेव्हा उद्या डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते विचारा. आणि घार कुठे सापडली तो पत्ता वनरक्षकाकडे लिहून द्या, बरी झाली तर सोडताना लागतो.