मदत हवी आहे: आर.बी.आय. बेसबॉलमध्ये बॅट कायम उशिरा फिरते, दोष टीव्हीचा की सरावाचा?

नमस्कार मंडळी,

निन्टेंडोच्या जुन्या एनईएस या गेम कन्सोलवर, म्हणजे पुढचं झाकण उघडून कार्ट्रिज आत सरकवायचं त्या मॉडेलवर, सध्या आर.बी.आय. बेसबॉल खेळतोय. टेंजेन कंपनीचा १९८८ सालचा गेम. मूळ नाम्कोचा, जपानमध्ये १९८६ साली आलेला फॅमिली स्टेडियम. गोलमटोल खेळाडू, मोजकेच रंग, पण आतला खेळ एकदम पक्का. खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता म्हणून नावं खरी आहेत. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगचा नव्हता म्हणून संघांना नुसती शहरांची नावं. १९८६ आणि १९८७चे आठ विभागविजेते आणि वर निवडक खेळाडूंचे दोन ऑल-स्टार संघ. मला हा गेम मनापासून आवडतो आणि तो नीट खेळता यावा अशी फार इच्छा आहे.

अडचण बॅटिंगची आहे. बॉल बॅटरसमोरच्या प्लेटवर आलेला दिसतो, मी ए बटण दाबतो आणि बॅट फिरेपर्यंत बॉल मागे बसलेल्या कॅचरच्या हातात पोचलेला असतो. समोर ह्यूस्टन असेल आणि नोलन रायन किंवा माइक स्कॉट टाकत असेल, तर बॉलला बॅट लागतच नाही. पिचर (बॉल टाकणारा) दमला, बॉल रेंगाळत यायला लागला की लागते, पण उजव्या हाताच्या बॅटरचा फटका हमखास उजवीकडे रेषेबाहेर, म्हणजे फाऊल जातो. डावखुऱ्याचा डावीकडे. म्हणजे लागला तरी उशिराच लागतोय.

पिचिंगला मात्र काहीच त्रास नाही. बॉल सोडल्यावर डी-पॅडने (कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणाने) वळवणं व्यवस्थित जमतं.

कार्ट्रिजचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेत, गेम पहिल्या फटक्यात सुरू होतो. कंट्रोलर बदलून पाहिला, फरक शून्य. टीव्ही नवा, सपाट पडद्याचा. त्याला जुन्या पिवळ्या-लाल केबलची जागाच नाही, म्हणून मध्ये एक छोटा एचडीएमआय कन्व्हर्टर लावलाय. त्याच्या खोक्यावर ‘शून्य विलंब’ असं ठळक छापलंय, आणि मला आता त्यावर अजिबात विश्वास राहिलेला नाही.

तर दोष कन्व्हर्टरचा, टीव्हीचा, की सराव कमी पडतोय? हे खात्रीने कसं ठरवायचं? आणि जाता जाता: आउटफिल्डमध्ये उंच गेलेला बॉल पकडण्याची काही युक्ती आहे का? माझे फिल्डर दर वेळी बॉलच्या पुढे धावून जातात.

प्रतिसाद १

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच उत्तर आहे. पिचिंग ठीक आणि बॅटिंग उशिरा, हे लॅगचंच, म्हणजे चित्र उशिरा दिसण्याचंच लक्षण. पिचिंगमध्ये वेळ तुम्ही ठरवता. चित्र थोडं मागाहून आलं तरी फारसं बिघडत नाही. बॅटिंगमध्ये समोर दिसतंय त्याला उत्तर द्यायचं असतं, आणि दिसतंय तेच शिळं असेल तर हात कितीही चपळ असून उपयोग नाही.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तशी एकेक रेघ काढत जातो. साठवून ठेवणं हा प्रकारच नाही. सपाट टीव्ही अख्खी फ्रेम आधी गोळा करतो, तिच्यावर संस्कार करतो, पडद्याच्या मापाला ताणतो आणि मग दाखवतो. त्यात एनईएसचं चित्र २४०पी, म्हणजे दर फ्रेमला २४० रेघांचं पूर्ण चित्र. बऱ्याच टीव्हींना आणि स्वस्त कन्व्हर्टरना ते ४८०आय, म्हणजे एकाआड एक रेघांचं अर्धं चित्र वाटतं, मग नसलेल्या अर्ध्या रेघा जुळवण्यात आणखी वेळ जातो. हा गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद. एकूण विलंब १०० मिलिसेकंद धरला तर सहा फ्रेम गेल्या. रायनच्या वेगवान बॉलसमोर सहा फ्रेम म्हणजे सगळंच गेलं.

‘थोडं आधी दाबायची सवय लावा’ असं कोणी सांगेल. सरळ बॉलला ते चालेल. पण या गेममध्ये बॉल हातातून सुटल्यावर वळतो, त्यामुळे आधीच ठरवून फिरवलेली बॅट वळणाऱ्या बॉलपुढे फसते. ही सवय लावून घेऊ नका.

खात्री करायची तर एक सोपी चाचणी आहे. कन्सोलच्या उजव्या अंगाला दोन जॅक आहेत, पिवळा चित्राचा आणि लाल आवाजाचा. लाल केबल कन्व्हर्टरमधून काढून थेट एखाद्या अॅम्प्लिफायरला किंवा स्वतःची वीज असलेल्या स्पीकरला जोडा. ब्लूटूथ नको, त्याला स्वतःचा विलंब असतो. आता आवाज थेट येईल आणि चित्र कन्व्हर्टर-टीव्ही फिरून. बॅटला बॉल लागल्याचा आवाज आधी आला आणि चित्रात बॉल मागाहून लागला, तर मधलं अंतर हाच तुमचा लॅग.

धागाकर्ता

आत्ताच करून पाहिलं. आवाज स्पष्टपणे आधी येतो! बॉल प्लेटपर्यंत पोचायच्या आत ‘टक्’ ऐकू येतं आणि मग पडद्यावर बॅट लागते. टीव्हीवर गेम मोड लावला, अंतर कमी झालं पण गेलं नाही. म्हणजे बाकीचा वाटा कन्व्हर्टरचा असावा. आता काय घेऊ? ओएसएससी या कन्व्हर्टरचं नाव बरंच ऐकलंय.

प्रतिसाद २

साधा ओएसएससी घेऊ नका. उपकरण उत्तम आहे, पण त्याला कंपोझिट सिग्नल (पिवळ्या केबलचा) चालत नाही, आणि तुमच्या एनईएसमधून आत फेरफार केल्याशिवाय कंपोझिट आणि आरएफ (अँटेनाच्या जागी जोडायचा सिग्नल) याखेरीज काही निघत नाही. रेट्रोटिंक २एक्स हा कन्व्हर्टर कंपोझिट घेतो. तो फ्रेम साठवत नाही, रेघ आली की तिची दुप्पट करून पुढे पाठवतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा विलंब जवळजवळ नाहीच. उरेल तो टीव्हीचा, म्हणून गेम मोड चालूच ठेवा. काही टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लावावा लागतो, तेवढं तपासा.

आता आउटफिल्ड. बॉलकडे बघूच नका, त्याच्या सावलीकडे बघा. बॉल हवेत वर चढलेला दिसतो, पण पडणार कुठे ते सावली सांगते. दुसरं म्हणजे या गेममध्ये डी-पॅड दाबलं की एक नाही, बरेच फिल्डर एकदम त्या दिशेला सरकतात. नजर एकावर ठेवून बाकीच्यांना पळवलंत की मागची जागा मोकळी पडते. सावली दिसेपर्यंत क्षणभर थांबलेलं बरं.

थ्रोसाठी पडद्यावरचा चौकोन लक्षात ठेवा: उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा, खाली होम. दिशा धरून ए. सेंट लुईसचा चपळ धावपटू विन्स कोलमन बेसवर असेल तर बॉल हातात यायच्या आधीच बोट दिशेवर असायला हवं, तो कोणासाठी थांबत नाही.

आणि बॅटिंगला एकाच जागी उभे राहू नका. क्रिकेटमध्ये बॅटर क्रीजचा वापर करतो तसंच, पिचर बॉल सोडायच्या आधी बॉक्समध्ये पुढे-मागे, आत-बाहेर सरकता येतं. बॉल बॅटच्या कुठल्या भागावर येतो यावर फटक्याचा जोर ठरतो. ए दाबून धरा. चटकन सोडलंत तर बंट, म्हणजे बॅट न फिरवता बॉलला नुसता स्पर्श होतो.

धागाकर्ता

सावलीचा उपाय लगेच लागू पडला, पहिल्याच डावात डाव्या कोपऱ्यातला उंच बॉल पकडला. मनापासून आभार! एक शेवटचं: एका नातेवाइकांकडे पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही पडून आहे, ते द्यायला तयार आहेत. रेट्रोटिंक घ्यावा की तो आणावा?

प्रतिसाद १

जागा असेल तर डोळे झाकून तो आणा. या गेमसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही, शिवाय कधी लाइट गनचा गेम मिळाला तर तोही चालेल. झॅपर, म्हणजे निन्टेंडोची लाइट गन, सपाट टीव्हीवर चालतच नाही. आणण्याआधी मागे पिवळा जॅक आहे का बघा, नसेल तर आरएफने जोडावा लागेल. शिवाय टीव्ही आणि कन्सोल दोन्ही एनटीएससी किंवा दोन्ही पाल (टीव्ही सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती) हवेत, नाहीतर चित्र काळं-पांढरं दिसेल किंवा वर-खाली सरकत राहील. उचलायला दोघं जा, काचेचं सगळं वजन पुढच्या बाजूला असतं. आणि काही बिघडलं तरी मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये विजेचा जीवघेणा दाब साठून राहिलेला असू शकतो, ते काम जाणकाराकडेच द्या.