अर्काने गांडूळ मेलं, म्हणून वनस्पती कृमिनाशक?

मुळापासून:
परवा एक प्रबंध तपासायला आला. पानांचा अर्क, काचेच्या बशीत गांडुळं, तुलनेला अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध. टोचल्यावर हललं नाही की लुळं पडलं, ५० अंशांच्या पाण्यातही हललं नाही की मेलं. घड्याळ लावून वेळा नोंदवलेल्या. पुढच्या प्रकरणात तोच अर्क हेला पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींवर. निष्कर्ष काय, तर वनस्पती कृमिनाशक आणि कर्करोगविरोधी!

मला हे अजिबात पटत नाही. गांडूळ ओलसर कातडीने श्वास घेतं. अर्कातल्या टॅनिन या तुरट द्रव्याने किंवा उरलेल्या द्रावकाने ती कातडी बिघडली तरी ते मरणारच. आतड्यातला गोल जंत हा वेगळ्याच कुळातला, त्याचं आवरण चिवट. निरोगी पेशींवर तर अर्क टाकूनच पाहिलेला नाही. म्हणजे अर्क विषारी आहे, एवढंच कळलं. असं काम स्वीकारणं बंद व्हायला हवं.

खलबत्ता:
बंद कशाला? पॅसिफिक यू झाडाची साल १९६२ साली गोळा केली, तेव्हा हातात कच्चा अर्कच होता. त्यातल्या टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, कर्करोगाचं औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ मध्ये. पहिली चाळणी जाडीभरडीच असते.

शिवाय जंत आणि कर्करोग एकत्र तपासण्यात वावगं काही नाही. अल्बेंडाझोल जंताच्या ट्यूब्युलिनला, म्हणजे पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, टॅक्सॉल आणि सदाफुलीतलं कर्करोगावरचं औषध व्हिन्क्रिस्टीन आपल्या पेशींतल्या ट्यूब्युलिनला. निशाण एकाच जातीचं आहे.

मुळापासून:
तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. अल्बेंडाझोल जंताच्या ट्यूब्युलिनला आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट धरतं, म्हणून ते पोटात घेता येतं. हा फरक तपासलाच नाही तर उरतं काय? आणि सदाफुलीचं म्हणाल तर नोबल आणि बिअर हे संशोधक तिचा अर्क मधुमेहासाठी पाहत होते. उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, तिथून कर्करोगावरच्या औषधाचा धागा सापडला. जिवंत शरीराने दाखवलं ते, बशीने नव्हे.

सूक्ष्मदर्शी:
मी रोज एमटीटी चाचणी लावते, म्हणून एक सांगते. पिवळं द्रव्य जिवंत पेशींत जांभळं होतं. रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत असं आपण धरतो. एकदा सवयीने काही खाचांत पेशी न टाकता नुसता अर्क आणि ते द्रव्य ठेवलं. चार तासांनी त्याही जांभळ्या! अर्कातली पॉलिफेनॉल ही रसायनं स्वतःच रंग पालटवतात. म्हणजे पेशी मेलेल्या असल्या तरी जिवंत दिसणार. त्यामुळे मुळापासून, तुम्ही खोट्या यशाची काळजी करताय, इथे चांगला अर्कही निसटू शकतो. बिनपेशींची रांग लावायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी प्रबंधांत ती क्वचित दिसते.

खलबत्ता:
हे मान्य. पण चाचणी नीट करा म्हणणं वेगळं आणि काम स्वीकारू नका म्हणणं वेगळं. साधनं तुटपुंजी असतात तिथे गांडूळ हाच मिळणारा किडा आहे.

मुळापासून:
मग सी. एलिगन्स घ्या. तो परजीवी नसला तरी सूत्रकृमी आहे, म्हणजे गोल जंताच्याच कुळातला, जीवाणूंवर बशीत वाढतो. प्रबंध मी नाकारत नाही. शीर्षकातलं ‘कर्करोगविरोधी’ काढून ‘हेला पेशींवरील परिणाम’ लिहायला सांगतो. निरोगी पेशींची एक प्लेट, आणि आता बिनपेशींची रांगही. गांडुळांचं प्रकरण मात्र गाळायलाच लावणार.

खलबत्ता:
गाळू नका. ‘प्राथमिक’ एवढा शब्द जोडा आणि ठेवा. मेहनत त्या विद्यार्थिनीने केली आहे, नोंदी खऱ्या आहेत.