१:६४ च्या जहाजासाठी छोटा टेबल सॉ कोणता घ्यावा?

कुलाबा_किनारा (डोंबिवली)

नमस्कार मंडळी,

एचएमएस ट्रिंकोमाली बांधायला घेतली आहे, १:६४ मापात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधलेली ही फ्रिगेट जातीची युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते. आपल्या गोदीतल्या कारागिरांच्या हातचं जहाज आहे, म्हणून परदेशी किट आणून जोडायचं मनात नाही. लाकूड इथलंच घ्यायचं आणि पट्टी न् पट्टी घरी कापायची, असं ठरवलं आहे.

मापं सांगतो म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण ७१ सेंमी. कीलसाठी (जहाजाच्या तळाच्या कण्यासाठी) ६ मिमी चौरस दांडी. बरगड्यांसाठी ६ मिमी जाडीच्या फळ्या. जहाजाच्या अंगाच्या पट्ट्या १.५ × ५ मिमी आणि डेकच्या १ × ४ मिमी. या शेवटच्या दोन जाती शेकड्यांनी लागणार. स्टीलपट्टी लावून कटरने कापायला गेलं की पातं सागवानाच्या रेषेबरोबर पळतं, तेव्हा यंत्राशिवाय हे काम होणार नाही.

माझ्यासमोर असलेल्या वाटा अशा: ऑनलाइन मिळणारा, ७७५ जातीची छोटी मोटर लावलेला टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत), प्रॉक्सॉन कंपनीचा केएस २३० किंवा त्याहून मोठा एफईटी, सुतारांकडे असतो तसा १० इंची, किंवा ४ इंची हातकटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवून घेणं. आमच्या ओळखीचे सुतार शेवटचा पर्याय आग्रहाने सांगतात. जागा म्हणजे फ्लॅटची बंद केलेली बाल्कनी. पैसे साठवायची तयारी आहे, पण एकदाच घ्यायचं आहे. वॅट किती असावेत, पातं केवढं असावं, काहीच ठरत नाहीये.

व्हर्नियर (चिंचवड)

वा! ट्रिंकोमाली, तीही इथल्या लाकडात. वाचून फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, आता घरी जहाजंच करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

वॅट आणि पात्याचा व्यास बाजूला ठेवा. आधी पात्याची खाच किती रुंद पडते ते बघा. तुमची डेकची पट्टी १ मिमीची आहे. ४ मिमी जाडीची, ६० मिमी रुंदीची फळी घेतलीत आणि सुताराच्या पात्याने कापलीत, तर खाच सव्वादोन मिमीच्या आसपास पडेल. एका पट्टीमागे सव्वातीन मिमी लाकूड गेलं, म्हणजे सगळ्या फळीतून मिळाल्या अठरा पट्ट्या आणि दोन तृतीयांश लाकडाचा भुसा. तीच फळी अर्ध्या मिमीच्या पात्याने कापली तर खाच ०.६ मिमी धरा. सदतीस पट्ट्या निघतील. म्हणून १० इंची मशीन तुमच्या यादीतून काढून टाका. ते वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. वखारीतल्या ओंडक्याचे ठोकळे करायला ते लागतं आणि तेवढं काम सुतार करून देतो.

उलटा कटर अजिबात नको, हे मी कळकळीने सांगतो. असे हातकटर, म्हणजे मार्बल कटर, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतात. लाकडाच्या पात्यावर त्याची कमाल गती छापलेली असते, ती बऱ्याचदा याहून कमी असते. खाच उघडी धरणारी मागची पाती नाही, बंद करायचं बटण टेबलाखाली, गार्ड काढून टाकलेला. तुमचे सुतार तीस वर्षं हाताने काम करत आले आहेत. त्यांचा हात कुठे थांबतो ते त्यांना ठाऊक असतं. बोटाएवढ्या पट्ट्या कापताना हात पात्यापासून फार लांब राहत नाही.

७७५ मोटरच्या छोट्या मशीनबद्दल: मोटरची ताकद ही त्याची खरी अडचण नाही. बाल्सा, २-३ मिमीचं मऊ लाकूड ते कापतं. अडचण फेन्सची आहे, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवायचं त्या आडव्या पट्टीची. बहुतेकांत फेन्स एकाच टोकाला आवळली जाते, दुसरं टोक बोटाने ढकललं तरी हलतं. पट्टी सुरुवातीला १ मिमी आणि शेवटी १.३ निघते. एक-दोन पट्ट्यांना चालेल, पण डेकवर अशा पन्नास पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या की सगळी रांग तिरपी जाते.

कोणतंही मशीन घ्या, दुकानात किंवा घरी आल्याबरोबर ही परीक्षा करा. प्लग काढून ठेवा. पात्याच्या एका दाताला खडूने खूण करा. टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या पट्टीवर डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं घड्याळ) बसवा आणि खुणेचा दात पुढे आणून वाचन घ्या. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गेजही सरकवत मागे न्या, पुन्हा वाचा. दात तोच असल्यामुळे पात्याचा वाक या मोजणीत येत नाही. जो फरक दिसेल तो टेबलाची खाच आणि पातं समांतर नसल्याचा. आता गेज एका जागी ठेवून पातं हळूहळू पूर्ण फिरवा. काटा जितका हलेल तितकं पातं डुलतं. ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. अर्ध्या मिमीच्या पात्याला ०.२ चा डुल असेल तर पातळ पातं घेण्याचा फायदाच गेला. शेवटी फेन्स पात्याला समांतर लावा. मागच्या टोकाला केसभर बाहेर गेलेली चालेल, आत झुकलेली मुळीच नको, कारण मग लाकूड पातं आणि फेन्सच्या मध्ये आवळतं आणि उडून अंगावर येतं.

आता निवड. केएस २३० चं टेबल लहान, पातं ५८ मिमीचं. तयार ४-५ मिमी फळीतून पट्ट्या काढायला ते पुरतं. पण तुम्ही लाकूड वखारीतून आणणार. ठोकळ्यातून ६, ५, ४ मिमीच्या फळ्या कोण काढणार? तिथे खोलवर कापणारं पातं लागतं. एफईटीचं पातं ८०-८५ मिमीचं आहे, २८ मिमीपर्यंत कापतं, टेबल ३०० × ३०० मिमी आणि फेन्सला बारीक सरकवण्याची सोय आहे. २५ मिमी रुंदीच्या ठोकळ्यातून फळ्याही त्याच मशीनवर निघतात. तुमच्या कामाला मी एफईटीच घेईन. पैसे कमी पडत असतील तर थांबा, साठवा, तोवर बरगड्यांचे नकाशे काढा.

कापायची पद्धतही सांगून ठेवतो. बारीक पट्टी फेन्स आणि पातं यांच्या मध्ये काढायची नाही. रुंद फळी फेन्सला टेकलेली राहू द्या, पट्टी पात्याच्या बाहेरच्या अंगाला पडू द्या. त्या बाजूला टेबलावर एक थांबा लावा, बेअरिंग लावलेला असला तर छान. पातं आणि थांबा यांच्यातलं अंतर म्हणजे पट्टीची जाडी. एक पट्टी पडली की फेन्स सैल करून फळी थांब्याला टेकेपर्यंत सरकवायची, आवळायची, पुढची कापायची. थांबा पात्याच्या पुढच्या दातांच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला हवा. पात्याच्या शेजारी लावला तर सुटलेली पट्टी तिथे अडकेल.

माजघर (वाई)

व्हर्नियरकाकांनी जे लिहिलं आहे त्यात मी लाकडाबद्दल भर घालते. मी वाड्यांची मॉडेल करते, १:५० ला: खांब, तुळया, महिरपी, चौकातली लादी. केएस २३० वापरते आणि मला तो पुरतो, कारण माझ्याकडे फळ्या गावातल्या सुताराकडून रंधून, मापात येतात. खांब ५ मिमीचे, कडीपाट ३ मिमीचा. ठोकळे घरी फोडायचे असतील तर मात्र काका म्हणतात ते बरोबर आहे.

कुलाबा_किनारा, तुम्ही सगळं जहाज सागवानात करणार असाल तर एकदा थांबून विचार करा, असं मला मनापासून वाटतं. खरं जहाज सागवानाचं होतं, पण १:६४ ला सागवान सागवानासारखं दिसत नाही. त्याची छिद्रं मोठी आहेत. मॉडेलच्या ४ मिमीच्या पट्टीवर ती बोटबोट रुंदीच्या भेगा वाटतात. हेदू घ्या. पिवळसर, बारीक पोताचं, धार स्वच्छ निघते, पट्टी वाकवली तरी तडकत नाही सहसा. शिवणही चांगली, जरा मऊ. जहाजाचा रंग सागवानासारखा हवा असेल तर तो वरून तेल लावून साधता येतो, छिद्रं मात्र झाकता येत नाहीत. दुसरं असं की सागवानात सिलिका असते, पात्याची धार फार लवकर मरते. पातळ स्टीलची पाती सागवानावर घासणं मला परवडत नाही.

एक छोटी सोय: टेबलातली पात्याभोवतीची फट मोठी असली तर बारीक पट्टी त्यात घुसते. मी सनमायकाचा तुकडा टेबलावर दुहेरी टेपने चिकटवते आणि पातं खालून हळूहळू वर आणून त्यातूनच कापून बाहेर काढते. फट पात्याएवढीच राहते, पट्टीच्या खालच्या कडेला कुसळं निघत नाहीत.

आणि बाल्कनी बंद केलेली आहे म्हणालात. धूळ गंभीरपणे घ्या. बारीक पात्याचा भुसा पिठाहून बारीक असतो. शिसम आणि सागवानाच्या धुळीने अनेकांना अंगाला खाज येते, नाक वाहतं. शिसमाचा त्रास तर एकदा सुरू झाला की पुढे थोड्या धुळीनेही होतो. एन ९५ मास्क लावा आणि मशीनच्या धूळ काढायच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडा. घरात लहान मूल असेल तर काम संपल्यावर ओल्या फडक्यानेच पुसा, झाडू नका.

हडसनकाठी (न्यू जर्सी)

इथे जहाजवाल्यांत सगळ्यात जास्त मान जिम बर्न्झ यांनी घडवलेल्या ४ इंची टेबल सॉला आहे. माझ्याकडे तोच आहे. जड, फेन्स दोन्ही टोकांना पक्की, आणि मायक्रोमीटरचा थांबा लावून पट्टीची जाडी ठरवता येते. काकांनी फेन्सबद्दल जे लिहिलं ते या मशीनवर बसलं की हाताला कळतं. पण भारतात बसून त्याच्या मागे लागू नका. माझं मशीन १२० व्होल्टचं. तिकडे चालवायला ट्रान्सफॉर्मर हवा, ब्रशची मोटर नसेल तर ५० हर्ट्झवर गतीही बदलते, आणि एखादा सुटा भाग लागला की पुन्हा सातासमुद्रापार. २३० व्होल्टचं, तिथे पाती मिळतील असं मशीन घ्या.

माझा स्वतःचा अनुभव असा की पट्टी थेट १ मिमीला कापायचा हट्ट सोडला की काम सुधारतं. १.२ ला कापा आणि जाडी घासून १ वर आणा. ड्रम सँडर नसेल तर दोन बाजूंना १ मिमीच्या पितळी पट्ट्या चिकटवलेला सपाट ठोकळा करा, पट्टी मध्ये ठेवून सँडपेपरच्या फळीने घासा. पात्याचे ओरखडेही जातात.

कुलाबा_किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: एफईटी, आणि अंगाला हेदू. सागवान फक्त खालच्या स्टँडला, कारण गोदीच्या सागवानाचा एक तुकडा तरी त्या जहाजाखाली असावा असं वाटतं.

दोन शंका राहिल्या. सुरुवातीला पाती कोणती घेऊ? आणि नागदेवी स्ट्रीटला इंजिनिअरिंगच्या दुकानांत एचएसएस (हायस्पीड स्टील) स्लिटिंग कटर, म्हणजे धातूत खाच पाडायची गोल पाती, मिळतात, पातळ आणि चकचकीत. ते या मशीनला लावता येतील का?

व्हर्नियर (चिंचवड)

स्टँडला सागवान, हे छान केलंत.

एक कार्बाइड टोकांचं, १.६ मिमी खाचेचं घ्या. ठोकळ्यातून फळ्या काढायला तेच. आणि अर्ध्या मिमीची दोन, पट्ट्यांसाठी. अर्ध्या मिमीच्या पात्याने खोल कापू नका. खोल कापताना ते गरम होतं, वाकतं आणि खाच नागमोडी जाते. ५ मिमीच्या आत त्याचा हात धरणारं कोणी नाही. पातं फळीच्या वर फक्त दाताएवढं दिसेल इतकंच उचला. मागची पाती खाचेपेक्षा जाड असेल तर पातळ पात्याच्या वेळी ती काढावी लागते. तेव्हा पुश स्टिकशिवाय हात पुढे न्यायचा नाही आणि फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

स्लिटिंग कटर लावता येतात, पण दोन गोष्टी बघून. भोक: तुमच्या मशीनचा शाफ्ट १० मिमीचा आहे, आणि ६३ मिमीच्या कटरला बहुधा १६ चं, ८० च्या कटरला २२ चं भोक असतं. मध्ये बुश, म्हणजे भोक लहान करणारी कडी, लागेल. दुसरं दात: धातूसाठीचे बारीक दात लाकडाच्या भुशाने लगेच भरतात आणि जळकट वास येतो. मोठ्या दातांचा मागा. शिवाय या कटरांच्या दातांना फाकवण नसते (दात आळीपाळीने बाहेर वाकवलेले नसतात), म्हणून फळी सावकाश सरकवा.

बुश बाजारातला तयार, सैल घेऊ नका. कुठल्याही लेथवाल्याकडून पितळेचा करून घ्या आणि त्याला सांगा की आतलं १० चं आणि बाहेरचं २२ चं माप एकाच सेटिंगमध्ये काढ, जॉब चकमधून सोडून पुन्हा धरू नकोस. बसवल्यावर वर सांगितलेली डायल गेजची परीक्षा परत करा, या वेळी दातांच्या टोकांवरही.