ब्रेकनंतर परतताना एक पायरी खाली उतरायचं का?

नवी_वही

२०१८च्या डिसेंबरात काम सोडलं, त्याला आता सहा वर्षं उलटून गेली. त्याआधी अकरा वर्षं अकाउंट्समध्ये होते. शेवटची चार वर्षं सीनियर अकाउंटंट, हाताखाली तिघं. मग मुलगी झाली आणि ती जरा मोठी होतेय तोवर आईचं आजारपण आलं. परवा एका ठिकाणी तिसरी फेरी झाली आणि ऑफर हातात आली: ज्युनिअरची जागा, आणि पगार मी सोडताना होता त्याहून तीस टक्क्यांनी कमी. कारण विचारलं तर म्हणाले, "मधे गॅप आहे ना."

त्या मुलाखतीतली एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. समोरचे गृहस्थ माझ्या बायोडेटावरून पेन फिरवत होते. अकरा वर्षांच्या कामावर ते पेन कुठेही थांबलं नाही. रिकाम्या सहा वर्षांवर आलं आणि बोलणं संपेपर्यंत तिथेच टेकून राहिलं.

माझं मत असं की परतणाऱ्याने खालच्या पदावर रुजू होऊच नये. सगळे म्हणतात, "आधी आत शिर, मग वर जाशील." पण हिशेब मांडून बघा. एकाचा पगार शंभर, दुसरीचा सत्तर. दोघांना दरवर्षी आठ टक्के वाढ. दहा वर्षांनी तो २१६ वर आणि ती १५१ वर. तीसची तफावत पासष्टची झाली, आणि या दहा वर्षांत तिने कामात कुठेही कसूर केलेली नाही. एका दिवशी घेतलेली माघार निवृत्तीपर्यंत पुरते. तुमचं काय मत?

भरतीवाला

ताई, मी टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस आहे. आमच्या विभागात माणसं मीच घेतो. तुमचं म्हणणं मनापासून वाचलं, पण मला ते मान्य नाही.

तुम्ही सोडलंत त्याच्या पुढच्याच महिन्यात, १ जानेवारी २०१९पासून, आयएफआरएस १६ (भाडेकरार हिशेबात कसे दाखवायचे याचा आंतरराष्ट्रीय लेखा नियम) लागू झालं. आधी ऑपरेटिंग लीजचं, म्हणजे नुसतं वापरायला घेतलेल्या वस्तूचं, भाडं सरळ खर्चात टाकायचो. आता थोडे अपवाद सोडले तर प्रत्येक भाडेकरार ताळेबंदात येतो, एका बाजूला मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला देणं. पहिल्या वर्षी आमच्या लोकांनी जुने करार कपाटातून काढून एकेक वाचला, मुदतवाढीच्या कलमांवर वाद घातले, व्याजाचा दर ठरवताना रात्री जागवल्या. तो अनुभव पुस्तकातून येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. माझ्याकडे एक मुलगी सहा वर्षं काम करते आहे. प्रत्येक महिनाअखेरीचे हिशेब तिने बंद केलेले आहेत. तिला सीनियर व्हायला अजून वर्ष आहे. तुम्हाला थेट त्या खुर्चीत बसवलं तर तिला मी काय सांगू?

थोरला

पक्षाघातानंतर वडिलांचं सगळं करायला मी अडीच वर्षं घरी होतो. पुरुषाला हा प्रश्न येत नाही असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मला तर तोंडावर विचारलं गेलं, "घरात दुसरं कुणी नव्हतं का?"

भरतीवाले, तुमचा मुद्दा ज्ञान जुनं होण्याचा आहे. त्यावर एक अभ्यास सांगतो. केट वाइसहार या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बनावट अर्ज पाठवून बघितलं, निबंध २०१८मध्ये आला. सगळे अर्जदार आईबाप, अनुभव सारखा. काही सलग नोकरीत, काहींची नोकरी गेल्यामुळे दीड वर्ष रिकामं, काही घर सांभाळायला दीड वर्ष थांबलेले. नोकरीत असलेल्यांना शंभरातून साधारण पंधरा ठिकाणांहून बोलावणं आलं, नोकरी गेलेल्यांना नऊ, आणि स्वतःहून थांबलेल्यांना पाच. आई असो की बाप, फारसा फरक नाही.

नऊ आणि पाच हे आकडे शेजारी ठेवून बघा. दोघंही तितकेच दिवस कामापासून लांब होते. गंज चढायचा तर दोघांना सारखाच चढला असणार. मग घरच्यांसाठी थांबलेल्याला जवळपास निम्मीच बोलावणी का? मोजमाप कौशल्याचं होत नाही, निष्ठेचं होतंय. माणसाने घर निवडलं याची ती शिक्षा आहे.

काठावर

नवी_वही, ऑफर घ्या. मी तत्त्वासाठी दोन ऑफर सोडल्या आणि त्यात आणखी चौदा महिने गेले. मग गॅपवर गॅप. घरात बसून भाव वाढत नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, आयसीयूतली. २००७ला थांबले, २०१५ला परत आले. मी स्वतः मागून खाली उतरले, आणि त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

का ते सांगते. आम्हाला शिकवलं होतं: हृदय बंद पडलेला माणूस समोर आला की आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा. २०१०मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो क्रम बदलला, आधी छाती दाबायची. हे मी परत येण्याआधी वाचलेलं होतं, पाठ होतं, कुणी विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. आणि प्रशिक्षणात पुतळा समोर आला तेव्हा माझे हात आपोआप हनुवटीकडे गेले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान सिस्टरने माझं मनगट धरून छातीवर आणून ठेवलं. काही बोलली नाही.

तेव्हा डोक्यातलं ज्ञान अद्ययावत करायला पंधरा दिवस पुरतात, हातातलं बदलायला महिने लागतात. मी तीन महिने जनरल वॉर्डला तिच्याच देखरेखीखाली काम केलं, एकटीने पेशंट घेतला नाही. ताई, तुमच्या कामात जीव जात नाही हे खरं, पण चुकीच्या आकड्यावर सही तुमची असते.

नवी_वही

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ते मनगट धरणं मला फार समजलं. परवा एका ओळखीच्यांकडे सरावाला बसले तेव्हा माझी बोटंही जुन्याच सॉफ्टवेअरचे शॉर्टकट दाबत होती. स्क्रीनवर काहीतरी भलतंच उघडायचं.

एकच विचारते. ते तीन महिने तुमचा पगार आणि हुद्दा कमी केला होता का?

रात्रपाळी

नाही. स्टाफ नर्सचाच हुद्दा, ग्रेडही जुनीच. फक्त आयसीयूची जबाबदारी दिली नाही. ती चौथ्या महिन्यात मिळाली. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता लक्षात आलं, मी ज्याला "खाली उतरणं" म्हणत होते ते वेगळंच होतं.

नवी_वही

मला नेमकं हेच म्हणायचं होतं, पहिल्या वेळी नीट मांडता आलं नाही. तीन महिने माझ्या कामावर कुणी नजर ठेवा, मला हवीच आहे. महिनाअखेरीची सही दुसऱ्याची असू दे. पण शिकायला लागणारे तीन महिने आणि कायमचा खालचा पगार या दोन गोष्टी एकत्र का बांधता?

भरतीवाले, आयएफआरएस १६ मी गेल्या दोन महिन्यांत वाचलं. भाडेवाढीची अट असलेली पाच वर्षांच्या कराराची उदाहरणं कागदावर सोडवली. पहिल्या तिन्हींत चुकले, आगाऊ दिलेलं भाडं अजून द्यायच्या रकमेत मिसळत होते. चौथं जुळलं. तुमच्या लोकांच्या जागरणांची बरोबरी मी करत नाही. पण ताळा का जुळत नाही हे शोधायची सवय, लेखापरीक्षकासमोर शांत बसून कागद काढून द्यायची सवय, ती २०१९च्या नियमाने रद्द झालेली नाही.

काठावर, तुमची भीती मलाही आहे. रोज आहे.

थोरला

त्या पेनवर एक उपाय आहे. २०२२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ब्रिटनमधल्या नऊ हजारांहून अधिक जागांसाठी अर्ज पाठवून केलेला. बायोडेटात प्रत्येक नोकरीपुढे "या सालापासून त्या सालापर्यंत" न लिहिता नुसतं "चार वर्षं" असं लिहिलं, तर गॅप दिसणाऱ्या अर्जापेक्षा सुमारे पंधरा टक्के जास्त बोलावणी आली. पुढच्या अर्जांत करून बघा.

भरतीवाला

हे मला पटत नाही. तारखा काढलेला बायोडेटा आला की मी पहिला फोन तारखा विचारायलाच करतो.

थोरले, तुमच्या अभ्यासाचं खरं उत्तर देतो, कारण इथे नाव लपलेलं आहे म्हणून खोटं बोलण्यात अर्थ नाही. होय, मनात येतं की ही व्यक्ती पुन्हा थांबेल. मी तसा विचार करून एका बाईंना नाकारलं होतं. ज्या तरुणाला घेतलं तो आठ महिन्यांत दुसरीकडे गेला. त्याच्याबद्दल मी ही शंका घेतलीच नव्हती.

तरी माझ्याकडे सहा वर्षं काम करणाऱ्या त्या मुलीचा प्रश्न कुणी सोडवलेला नाही.

नवी_वही

तिला बढती द्या की! वर्षभर थांबायला लावणारे तुम्ही, मी नव्हे. माझी जागा तिच्या जागेतून काढायची असं का धरून चालता?

तारखा मी काढणार नाही. त्या सहा वर्षांत औषधांची वही ठेवली, विम्याचे दावे भरले, एका नाकारलेल्या दाव्यावर पाच पत्रं लिहून तो मंजूर करून घेतला. ते पेन तिथे थांबलं तर थांबू दे, पण पुढच्या वेळी तिथे काहीतरी लिहिलेलं सापडेल.

ऑफरवाल्यांना काल ईमेल पाठवलं. सीनियरचं पद, जुना पगार. पहिले तीन महिने अंतिम सही माझी नाही. चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला कामाचं लेखी मूल्यमापन, आणि त्यात मी कमी पडले तर पद आणि पगार दोन्हीवर पुन्हा बोलायची माझी तयारी.

भरतीवाला

असं पत्र मला आलं असतं तर पद दिलं असतं. पगारावर अडलो असतो, पूर्ण तीस नाही पण पंधरा टक्के तरी कापले असते. मूल्यमापनानंतर ते परत द्यायची तारीख मागितली असतीत तर मला नाही म्हणणं जड गेलं असतं.

नवी_वही

पंधराही मान्य नाहीत. पण तारखेचं वाक्य मनात ठेवते. सोमवारी अकराला त्यांचा फोन यायचा आहे.