विषय: सातवीत प्रवेश, ईएसएल आणि गणिताचा वर्ग (सल्ला हवा आहे)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत येऊन आम्हाला दीड महिना झाला. मंडळाच्या ईमेल यादीत नाव मागच्याच आठवड्यात घातलं, तेव्हा ओळख नसताना एकदम प्रश्न विचारते आहे, राग मानू नका.

लेक बारा वर्षांची. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून सातवीची पहिली सहामाही देऊन आली. इथे प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असं विचारलं होतं, आम्ही मराठी लिहिलं. त्यावरून तिची इंग्रजीची चाचणी झाली: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. वाचनात बरी निघाली, बोलण्यात अगदी खाली. वयाप्रमाणे सातवीत बसवलंय, पण रोज दोन तास ईएसएल (इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणारा वेगळा तास), आणि गणित सगळ्यात खालच्या गटात. त्या गटात सध्या अपूर्णांकांची बेरीज चालली आहे. तिने ती पाचवीतच केली होती.

वर्गात ती तोंड उघडत नाही. शिक्षिकेने फोन करून विचारलं, ‘घरी बोलते ना?’ घरी तर तिची बडबड थांबत नाही. तो फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच रडले.

शाळेच्या पत्रात लिहिलंय की पालकांना ईएसएल नाकारता येतं. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचं आहे. नाकारू का?

– सातवीतल्या मुलीची आई

*

ताई, डोळे मिटून नाकारा. एकदा तो शिक्का बसला की निघता निघत नाही. आमच्या ओळखीतली दोन मुलं अशीच थेट वर्गात घातली, सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागली. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.

– मंडळातला एक जुना सभासद

*

ताई, सही करायच्या आधी हे वाचा. मी मिडल स्कूलमध्येच (साधारण सहावी ते आठवी) ईएसएल शिकवते.

दादांचा हेतू चांगला आहे, पण विहिरीत पोहायला शिकवतानासुद्धा पोराच्या पाठीला डबा बांधतात. हात-पाय मारायला लागलं की सोडतात. ईएसएल म्हणजे तो डबा. नुसतं ‘सगळ्यांबरोबर बसव, आपोआप येईल’ हे इथल्या कायद्यालाही मान्य नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, लाव विरुद्ध निकोल्स, 1974. ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याला इतरांसारखंच पुस्तक आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही, असा तो निकाल. तेव्हा हे दोन तास म्हणजे शाळेने केलेली मेहरबानी नाही, तुमच्या मुलीचा हक्क आहे.

नाकारलं तर काय होतं? तास जातात, पण दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते, ती पास होईपर्यंत. म्हणजे ज्याला शिक्का म्हणतात तो तसाच राहतो आणि मदत तेवढी जाते.

‘सहा महिन्यांत फाडफाड’ हे काही मुलांच्या बाबतीत खरं असेल, पण ते खेळाच्या मैदानावरचं इंग्रजी. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक मांडला: बोलण्याचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, अभ्यासाचं यायला पाच ते सात वर्षं लागतात. सातवीत आलेल्या मुलीकडे बारावीपर्यंत तेवढीच वर्षं असतात. पहिलीतल्या मुलाला वेळ असतो, हिला नाही. म्हणून मिडल स्कूलला आलेल्या मुलांची मला जास्त काळजी वाटते.

आणि ती गप्प आहे म्हणून रडू नका हो. पहिले काही महिने बरीच मुलं नुसती ऐकतात. माझ्या वर्गात असं मूल आलं की मी त्याला उभं करून बोलायला लावत नाही. चित्र दाखव, बोट ठेव, एका शब्दात सांग, इथून सुरुवात करते. ती भाषा साठवत असते.

आता गणित. इथे मात्र तुम्ही भांडायला हवं. भाषेची मदत हा एक प्रश्न, विषयाची पातळी हा दुसरा. शाळेने दोन्ही एकत्र बांधले आहेत, तुम्ही ते सोडवा. पहिल्याला हो म्हणा, दुसऱ्याला नाही. इंग्रजी कमी म्हणून गणित खालचं, हे चालू देऊ नका. याचे परिणाम लांबवर जातात. आठवीत अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला भाग) झालं तर नववीत जॉमेट्री म्हणजे भूमिती, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत कॅल्क्युलसची तयारी करून घेणारं प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस (कलनशास्त्र) अशी वाट सरळ जाते. आत्ता खालच्या गटात राहिली तर ती वाट पकडायला पुढे उन्हाळ्याचे वर्ग करा, एका वर्षात दोन विषय घ्या, अशी धावपळ होते.

काउन्सेलरला, म्हणजे मुलांचे वर्ग आणि विषय बघणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, ईमेल करा. फोन नको, लेखी हवं. गणिताची पातळी ठरवणारी चाचणी पुन्हा घ्या म्हणा, शब्दांची उदाहरणं कमी आणि आकडेमोड जास्त असलेली, किंवा प्रश्न समजावून सांगायला दुभाषी देऊन. भेटीच्या वेळी तुमच्यासाठीही दुभाषी मागता येतो. मुलीला दुभाषी करू नका, स्वतःबद्दलचं बोलणं तिलाच भाषांतर करायला लावणं बरं नाही.

आणखी एक गोष्ट विचारा, ती बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही. ईएसएलचे दोन तास कुठल्या तासांच्या जागी ठेवलेत? बरेचदा चित्रकला, बँड, गाणं हे तास जातात. नव्या मुलीला मैत्रिणी तिथेच मिळतात, कारण तिथे भाषा कमी लागते. एक तरी तसा तास ठेवा असा आग्रह धरा.

– मंडळातली एक शिक्षिका

*

मी हे सहसा कुणाला सांगत नाही. आम्ही मुलाचं ईएसएल नाकारलं होतं. सहावीत आला होता, सेमी-इंग्रजीतून, म्हणून वाटलं गरज नाही. मलाच ते अपमानासारखं वाटलं. बोलायला तो लवकर लागला, आम्ही निर्धास्त झालो. आठवीत सोशल स्टडीजचे निबंध आले तेव्हा कळलं की धडा वाचून त्याला अर्धाच समजतो आणि विचारायची त्याला लाज वाटते. दोन वर्षं तो समजल्यासारखं दाखवत होता. नंतर आम्ही शाळेला सांगून ती मदत पुन्हा सुरू केली. नकार कायमचा नसतो, मागे घेता येतो. पण ती दोन वर्षं गेलीच.

गणितातही भाषा असते, हे ताईंनी लक्षात ठेवावं. आमच्या मुलाला लसावि, मसावि तोंडपाठ, पण इंग्रजी नाव ऐकलं की कोरा. भागाकार आपण लिहितो तसा लिहिला, भागाकाराचं उत्तर उजव्या बाजूला, तर शिक्षकांना कळेचना. इथे ते वर लिहितात. लाखाचे स्वल्पविरामही वेगळे. 1,00,000 लिहिलं की लाल शेरा. यात मुलाला गणित येत नाही असं काहीच नव्हतं.

बालभारतीची गणिताची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहेत, आणि त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. सातवीची दोन्ही घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. आपलं सातवीचं पुस्तक बैजिक राशी, घातांक, पायथागोरसच्या प्रमेयापर्यंत जातं. त्यातला झालेला भाग इंग्रजी पुस्तकात खुणा करून काउन्सेलरपुढे ठेवा. नुसत्या प्रगतिपुस्तकातल्या गुणांवरून त्यांना काही बोध होत नाही.

– दहावीतल्या मुलाचा बाबा

*

दादा, तुम्ही हे लिहिलंत, फार बरं वाटलं. काल रात्री दोन्ही पुस्तकं घेऊन बसलो. लेक म्हणाली, ‘अगं, छेद म्हणजे डिनॉमिनेटर? सर परवा तेच म्हणत होते होय!’ दीड महिन्यात पहिल्यांदा ती स्वतःहून शाळेबद्दल बोलली.

शिक्षिकाताई, एकच विचारायचं राहिलं. शेजारी सांगतात, घरी आता इंग्रजीच बोला, तरच लवकर येईल. आम्हा दोघांचं इंग्रजी बेताचं. काय करू?

– सातवीतल्या मुलीची आई

*

मराठीच बोला, आणि भरपूर बोला. तुमच्या बेताच्या इंग्रजीतून तिला बेताचंच इंग्रजी मिळेल. मराठीत मात्र तुम्ही तिच्याशी वाद घालू शकता, कारणं विचारू शकता, बातमी समजावू शकता. विज्ञानाचा धडा आधी मराठीतून समजला तर इंग्रजीत तिला फक्त शब्द शिकायचे उरतात, कल्पना नाही. मराठी वाचनही थांबवू नका. वाचायचं कसं, हे मूल एकदाच शिकतं, मग दुसऱ्या भाषेत तेच कौशल्य वापरतं. तिचं वाचन चाचणीत बरं आलं ते उगाच नाही.

शाळेत इंग्रजी दिवसाचे सात तास कानावर पडतंय, तेवढं पुरे. घरी आल्यावर पहिला अर्धा तास तिला काही विचारू नका. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं खरंच दमतं.

– शिक्षिका

*

सगळ्यांना कळवते. ईएसएलला होकार दिला, सही करून पत्र पाठवलं. गणिताची चाचणी पुढच्या मंगळवारी पुन्हा घेणार आहेत, फोनवरून मराठी दुभाषी देणार म्हणाले. चित्रकलेच्या तासाचं अजून नक्की नाही. ईएसएलचा एक तास इंग्रजीच्याच वर्गात दुसऱ्या शिक्षिकेने येऊन घ्यायचा, असा मार्ग काउन्सेलरने सुचवला आहे. तसं झालं तर एक तास मोकळा होईल. जुन्या सभासद दादांनीही काल फोन केला, रविवारी त्यांची नात आमच्याकडे येणार आहे. ती त्याच शाळेत आठवीत आहे. दोघी एकाच बसने जातात, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

– सातवीतल्या मुलीची आई